फटफटीची शिकवणी

श्रोतेहो, आपल्या भाषेने मोटारसायकलीला मोठे बोलके नाव दिले आहे. फटफटी! हे नाव ज्या कुणी दिले, त्याने ते यंत्र आधी कानांनी ऐकले आणि मग डोळ्यांनी पाहिले असणार. एके काळी गावाच्या वेशीवर तो आवाज आला की कुणीतरी बडी असामी आली असे समजावे, अशी स्थिती होती. आज दूध घालणारा, टपाल वाटणारा, शाळेत जाणारे गुरुजी आणि बाई, खताची गोणी शेतावर नेणारा शेतकरी, साऱ्यांच्या दारात ती उभी असते.

ती दारात कशी आली याची हकीगत कारखानदारीच्या इतिहासात सापडते. पण तिच्यावर बसायला माणसे कशी शिकली, त्यांना कुणी शिकवले, ही हकीगत फारशी कुणी सांगत नाही. आज आपण त्या दुसऱ्या हकीगतीकडे पाहू. कारण तिच्यात आपल्याच घरातल्या तरण्याताठ्या मुलामुलींच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे.

हकीगत सांगायची तर एखादे ठिकाण नजरेसमोर हवे. आपण ठाण्याचे वर्तकनगर घेऊ. प्रवासाच्या बाबतीत ठाणे हे भाग्यवान गाव. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली. अंतर होते सुमारे ३४ किलोमीटर. पण आगगाडी माणसाला स्टेशनात आणून सोडते. तिथून घरापर्यंतची वाट ज्याची त्याने काटायची असते. वर्तकनगर स्टेशनापासून तीन-चार किलोमीटरवर, पोखरण रस्त्याला, येऊरच्या डोंगराच्या बाजूला वसले आहे. जवळच रेमंडची लोकरीच्या कापडाची गिरणी होती. तिची सुरुवात १९२५ सालची. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली. कारखाने आले, कामगार आले, आणि गृहनिर्माण मंडळाची वसाहतही आली. आज गिरणीचा भोंगा थांबला आहे आणि तिच्या जमिनीवर उंच निवासी इमारती उभ्या आहेत. पण त्या काळचा विचार करा. पाळी सकाळची असो की रात्रीची, वेळेवर पोचायचे कसे? ठाणे महानगरपालिकेची स्वतःची बससेवा सुरू झाली ती १९८९ साली. त्याआधी आणि त्यानंतरही अनेकांचा भरवसा पायांवर, आणि पायांनंतर सायकलवर.

सायकलने एक मोठे काम केले. दोन चाकांवर तोल सांभाळायची विद्या तिने घरोघर पोचवली. सायकल आधी कैचीत, मग दांड्यावर आणि मग सीटवर, अशी पायरीपायरीने शिकलेला मुलगा पुढे फटफटीवर बसतो तेव्हा त्याची निम्मी शिकवणी झालेली असते. उरलेली निम्मी मात्र सायकल शिकवत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

सायकलवरच्या कामगाराला इंजिनाचे वाहन परवडेल आणि झेपेलही, असा विचार आरंभीच्या काळात फारसा कुणी केला नव्हता. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीत पेट्रोलचे इंजिन बसवले. ती पडू नये म्हणून तिला दोन्ही अंगांना दोन लहान चाके लावावी लागली. म्हणजे जगातल्या या आरंभीच्या फटफटीलाही लहान मुलाच्या सायकलसारखा आधार लागला होता! १८९४ साली हिल्डेब्रांट आणि वुल्फम्युलर यांची मोटारसायकल जर्मनीत विक्रीसाठी तयार होऊ लागली. तिला क्लच नव्हता. गाडी ढकलत पळायचे आणि इंजिन चालू झाले की उडी मारून बसायचे, असा प्रकार. हे काम धडधाकट आणि धीट माणसाचे होते. पुढे दोन महायुद्धांत लष्करी निरोपे मोटारसायकलींवर धावले, आणि हे वाहन दणकट गड्याचेच, ही समजूत आणखी पक्की झाली.

आपल्याकडेही तसेच झाले. लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या. त्या निमित्ताने १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ३५० सीसीची बुलेट येथे तयार होऊ लागली. तिला किक मारणे हीच एक विद्या होती. गिअर उजव्या पायाला, वजन दीडशे किलोच्या वर. हौशी माणूस तिच्यावर जीव टाकी. पण पाळी संपवून थकून घरी निघालेला साधा कामगार तिच्याकडे लांबूनच पाही.

मग हे यंत्र लहान कसे झाले? येथे तीन वेगवेगळ्या देशांतल्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली इंग्लंडातली. दुसऱ्या महायुद्धात तिथे रॉयल एन्फील्डने १२५ सीसीची एक चिमुकली मोटारसायकल बनवली. वजन साठ किलोच्या आसपास. छत्रीधारी सैनिकांबरोबर ती विमानातून खाली सोडत, आणि वाटेत कुंपण आले तर सैनिक ती उचलून पलीकडे ठेवत. तिचे मूळ आरेखन जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या लहान गाडीचे होते. शत्रूचे आरेखन, पण उपयोगाचे म्हणून उचलले!

दुसरी गोष्ट इटलीतली. कोरादिनो दास्कानियो हे विमानाचे अभियंते. त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. कपड्यांना तेल लागते, चाक बदलणे अवघड, बसायला टांग टाकावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी. म्हणूनच १९४६ साली पियाजिओ कंपनीसाठी त्यांनी जी गाडी आखली, तिच्यात इंजिन झाकले, गिअर डाव्या हातात आणला आणि पाय ठेवायला सपाट जागा केली. तीच व्हेस्पा स्कूटर. नावडीतून निघालेली ही गाडी जगाला आवडली.

तिसरी गोष्ट जपानची. १९५८ साली होंडाने ५० सीसीची सुपर कब काढली. होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा यांचा आग्रह असा, की शेवयांच्या खानावळीतला पोऱ्या एका हातात ताटांची चळत धरून दुसऱ्या एका हाताने ती चालवू शकला पाहिजे. म्हणून तिला क्लचचा दांडाच ठेवला नाही. क्लच आपोआप काम करी. पुढे ही गाडी दहा कोटींहून अधिक संख्येने तयार झाली.

या तिन्ही गोष्टींचा अर्थ काय? लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीची स्वस्त नक्कल नव्हे. नव्या माणसाला कशाची भीती वाटते, याचा कुणीतरी विचार केला आणि एकेक भीती काढून टाकली. वजनाची भीती, किकची भीती, क्लचची भीती. फटफटी सामान्य घरात आली ती याच वाटेने.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघालो की मुलुंडच्या पुढे भांडुप लागते. तिथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या कारखान्यात लँब्रेटा स्कूटर तयार होई. तिकडे पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्याने स्कूटर बनवायला घेतली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. पण हा घोडा मिळायला आज नाव नोंदवले तर दहा-दहा वर्षे थांबावे लागे. तो परवान्यांचा काळ होता. कारखान्याने किती गाड्या बनवाव्यात हेसुद्धा सरकार ठरवी.

खेड्यापाड्यांत मात्र वेगळी गाडी पोचली. १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून १७५ सीसीची राजदूत काढली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून निघालेली राजदूत पुष्कळांना आठवत असेल. म्हैसूरला जावा गाडी तयार होऊ लागली. तिची गंमत अशी, की ज्या दांड्याने किक मारायची तोच दांडा पुढे ढकलला की गिअरचे काम करी.

१९७२ सालीच आणखी एक गाडी आली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे या कंपनीचे घर. लूनाला ५० सीसीचे इंजिन होते आणि सायकलसारखी पायडलेही होती. गिअर नाही, क्लचचा दांडा नाही. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यावे! ज्याला सायकल येते त्याला लूना येते, हे कुणी सांगावे लागले नाही. शाळेत जाणाऱ्या बाई, परिचारिका, पेन्शनीत निघालेले आजोबा, सारे तिच्यावर बसले. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला बटनाने चालू करता येई आणि गिअर बदलावाच लागत नसे. साडी नेसून दुचाकी चालवणाऱ्या बाईकडे वळूनवळून पाहण्याची आपली सवय या दोन गाड्यांनी बरीच मोडली. बजाजने १९८१ मध्ये एम-५० आणि पुढे एम-८० काढली. तिचा गिअर हाताशी होता आणि चाके मोटारसायकलसारखी मोठी. पिशव्या, पेट्या, पाट्या लादून ती वाड्यावस्त्यांवर फिरली.

मग १९८० नंतरच्या दशकात सरकारने धोरण बदलले. १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी सहकार्य करायला मुभा मिळाली. पाहता पाहता जपानी आरेखनाच्या चार गाड्या रस्त्यावर आल्या : १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हीरो होंडा आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ साली कावासाकी बजाज. त्यांतली हीरो होंडा सीडी १०० चार आवर्तनांच्या इंजिनाची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकट नाही, धूर कमी आणि पेट्रोल फार थोडे. आज आपण लहान मोटारसायकल म्हणतो ती या शंभर सीसीच्या घराण्यातली. तिचे वजन शंभर-सव्वाशे किलो, आणि बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. नव्या शिकाऊ माणसाला याहून सोयीचे यंत्र मिळणे कठीण.

श्रोतेहो, यंत्राची हकीगत येथे संपते. आता माणसाची.

परवान्यासाठी परीक्षा आपल्या कायद्यात १९३९ पासून आहे. पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि १९८९ च्या जुलैपासून तो लागू झाला. त्याप्रमाणे आधी कच्चे लायसन्स काढायचे. त्याची मुदत सहा महिने. निदान तीस दिवस शिकल्यावर पक्क्या परीक्षेला जायचे. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगाचे एल अक्षर लावायचे. शिकणाऱ्याने मागे कुणालाही बसवायचे नाही. बसवायचाच तर पक्के लायसन्स असलेला शिकवणारा. ठाण्याच्या गाड्यांवर एमएच ०४ आणि कल्याणच्या गाड्यांवर एमएच ०५ लिहिलेले असते, ती त्या त्या परिवहन कार्यालयाची खूण. तिथे परीक्षेला गेलेल्याला आठ काढून दाखवायला सांगतात. म्हणजे जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची, पाय न टेकता.

कायद्याने शिकवणारा गृहीत धरला आहे. पण शिकवणारा असतो कुठे? मोटार शिकवणाऱ्या शाळा गावोगाव आहेत, मोटारसायकल शिकवणाऱ्या फार थोड्या. वर्तकनगरसारख्या वसाहतीत काय, किंवा शहापूर-मुरबाडकडच्या गावात काय, शिकवणारा म्हणजे थोरला भाऊ, मामेभाऊ किंवा शेजारचा दादा. तो एका संध्याकाळी गाडी काढतो, मागे बसतो आणि सांगतो, "क्लच सोड, रेस दे, घाबरू नको." गाडी हिसका मारून बंद पडते, दुसऱ्यांदा हिसका मारून सुटते, आणि दहा मिनिटांत सरळ रस्त्यावर पळू लागते. मग दादा म्हणतो, "आली तुला!"

आली का? सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने पळणारी गाडी चाकांच्या गतीनेच बरीचशी सावरून धरलेली असते. तिथे स्वाराचे कौशल्य फारसे लागत नाही. खरी कसोटी लागते ती माणसाच्या चालीने गाडी न्यायची असते तेव्हा. बाजारात, वळणावर, चढावर, पुढे अचानक म्हैस आडवी आली तेव्हा. आठ काढायला लावतात ते उगीच नव्हे. आठाच्या आकड्यात पळवता येत नाही. हळू चालवता येते का तेच त्यात दिसते. सायकलने न शिकवलेली निम्मी शिकवणी म्हणतात ती हीच : इंजिनाची ओढ हातात ठेवून हळू चालणे, आणि वेगात असलेले शंभर किलो वजन वेळेवर थांबवणे.

म्हणून नव्या स्वाराने कसे शिकावे, याची एक ओळ आखून देतो. ती घाईची नाही.

पहिल्या दिवशी इंजिन चालूच करू नये. गाडीवर बसून दोन्ही पाय टेकतात का ते पाहावे. गाडी स्टँडवरून काढावी, ढकलत न्यावी, वळवावी, पुन्हा लावावी. वजन कुठल्या बाजूला कधी झुकते हे अंगाला कळले की निम्मी भीती जाते. हँडल बैलाचे शिंग धरल्यासारखे आवळून धरू नये. कोपरे सैल, गुडघे टाकीला टेकलेले. हात आखडले की गाडी वाकडीतिकडी चालते, आणि ती वाकडी चालली की हात आणखी आखडतात.

दुसऱ्या दिवशी क्लच. मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, डाव्या हाताने क्लच अगदी सावकाश सोडावा. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. तिथेच हात थांबवावा. आपले मेस्त्री याला हाफ क्लच म्हणतात. त्या जागेवर गाडी चार पावले न्यावी, क्लच दाबून थांबवावी, पुन्हा न्यावी. असे पन्नास वेळा करावे. कंटाळा येईल, पण बाजारातल्या गर्दीत हीच जागा हाताला आपोआप सापडली पाहिजे. मात्र रस्त्याला लागल्यावर सारखा अर्धा क्लच धरून चालवू नये, प्लेटा जळतात.

तिसरी गोष्ट नजर. नवा माणूस पुढच्या चाकाकडे पाहतो, आणि खड्ड्याकडे पाहत पाहत नेमका खड्ड्यातच जातो. नजर जाईल तिकडे गाडी जाते. वळायचे असेल तर मान आधी वळवावी आणि वळणाच्या शेवटाकडे पाहावे. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकलीचे कारागीर होते. त्यांतल्या विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले, की डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता? एकालाही पहिल्या झटक्यात बरोबर सांगता आले नाही. डावीकडे वळण्याआधी हँडल किंचित उजवीकडे जाते आणि त्यामुळे गाडी डावीकडे झुकते, हे करणाऱ्यालाच ठाऊक नसते. सांगायचा मुद्दा, काही गोष्टी अंग शिकते. डोक्याने फक्त नजर योग्य जागी ठेवायची.

चौथी गोष्ट ब्रेक. पुढचा ब्रेक दाबला तर माणूस डोक्यावरून पडतो, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षे फक्त पायाचा ब्रेक वापरतात. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून जोराने थांबवण्याचे काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने आवळायचा नाही, क्रमाने दाबायचा, बरोबरीने पायाचाही. हँडल वळलेले असताना, वाळूवर किंवा चिखलात मात्र पुढचा ब्रेक जपून. लोकांची ही भीती सरकारनेही ओळखली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा चाक अडकू न देणारा ब्रेक, आणि त्याहून मोठ्यांना चाक अडकू न देणारा ब्रेक सक्तीचा झाला. जोडब्रेकच्या गाडीत एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाके धरली जातात.

गुरुजी, येथे तुमच्यासाठी फळ्यावरचे एक गणित आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ११ मीटर गेली. ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला ५ मीटरने वेग कमी होतो असे धरले, तर थांबेपर्यंत आणखी सुमारे १२ मीटर. एकूण २३. आता वेग ६० करा. आधीचे अंतर सुमारे १७ मीटर, नंतरचे सुमारे २८, एकूण ४५. वेग दीडपट, थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट. शाळेच्या पटांगणात हे अंतर पावलांनी मोजून दाखवले, तर मुले ते जन्मभर विसरणार नाहीत.

पाचवी गोष्ट आठ. मैदानावर फक्कीने मोठा आठ काढावा आणि पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक किंचित टेकवून त्यावर फिरावे. रोज थोडा लहान करावा. मग चढ. वर्तकनगरच्या शिकाऊ माणसाला येऊरच्या बाजूचा चढ जवळ आहे. तुमच्या गावाला टेकाड किंवा धरणाचा बांध असेल. चढावर थांबायचे, पायाचा ब्रेक धरायचा, क्लच सरकण्याच्या जागी आणायचा, रेस द्यायची आणि मगच ब्रेक सोडायचा. गाडी मागे न सरकता निघाली की गिअरच्या गाडीचे कोडे सुटले म्हणा. एवढे झाल्यावर वाहतुकीचा रस्ता, तोही सकाळच्या निवांत वेळी. रात्र, पाऊस आणि मागचा माणूस हे सर्वांत शेवटी.

पावसाचे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते आणि डांबर साबणासारखे होते. झेब्राचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वे फाटकातले रूळ, गुरांचे शेण, ओली तांबडी माती, यांवर ना ब्रेक दाबावा ना गाडी झुकवावी. आणि निघताना साईड स्टँड उचलला का हे पाहावे. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकतो आणि गाडी उलथते. मागे बसणाऱ्या बाईच्या साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असते. ती दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकणाऱ्यांना आपण चार शब्द सुनवावेत.

आता डोक्याची गोष्ट. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स हा गाजलेला सैनिक-लेखक मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. पुढे त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचा उपयोग दाखवून दिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. आपल्या कायद्यातही ते सक्तीचे आहे. तरी २०२२ सालचे केंद्र सरकारचे आकडे ऐका. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. आणि पन्नास हजारांहून जास्त जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. केर्न्स यांनी सांगितल्याला तेव्हा एक्याऐंशी वर्षे झाली होती. हेल्मेट आयएसआय छापाचे असावे, हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. हँडलला लटकवलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते.

आईबापांना एक सांगणे आहे. गिअरच्या गाडीचे लायसन्स अठरा वर्षांआधी मिळत नाही. "गावातल्या गावात तर जातोय," म्हणून आपण दहावीतल्या पोराच्या हाती किल्ली देतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेचे राहू द्या. ज्या वयात सायकल शिकवताना आपण सीट धरून मागे पळालो, त्याच पोराला इंजिनाच्या गाडीवर एका संध्याकाळी मोकळे सोडतो, याचा विचार करावा.

आणि शिक्षकांना एक विनंती. गावात कच्चे लायसन्स काढलेली मुले-मुली दर वर्षी असतातच. सुट्टीच्या दिवशी शाळेचे पटांगण त्यांना दोन तास मिळवून द्या. फक्कीने एक आठ आखून द्या. गावातला एखादा जुना, शांत डोक्याचा गाडीवाला बोलवा. दूध घालणारे किंवा टपाल वाटणारे यांच्याइतका सावकाशीचा अनुभव कुणाला असणार? मुलींना आधी बोलवा. त्यांना शिकवणारा दादा घरात मिळतोच असे नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे खपून नव्या माणसाच्या वाटेतली एकेक अडचण काढली. वजन घटवले, क्लच सोपा केला, किकऐवजी बटन दिले, दोन ब्रेक एकत्र जोडले. शेवटचे काम कारखान्यात होण्याजोगे नाही. ते मैदानावर, कुणीतरी शेजारी उभे राहून, "सावकाश, अजून सावकाश," असे म्हणत करायचे आहे. ते काम आपल्या वाट्याचे आहे.